मर्दानगी, मौन आणि एक वर्षाची मुदत

तलाक, खुला, पोटगी, हलाला, बहुपत्नीत्व या विषयांवर मुस्लिम समाजातल्या सुधारणावादी चळवळीने गेल्या पन्नास-साठ वर्षांत भरपूर लिहिले, बोलले, मोर्चे काढले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, तेव्हापासून मुस्लिम स्त्रीचे दुःख हा या कामाचा गाभा आहे आणि तो तसाच राहायला हवा. पण या घरगुती दुःखांच्या मुळाशी कधी कधी एक गोष्ट असते, जिचा उल्लेख ना अर्जात येतो, ना समुपदेशनात, ना जमातीच्या बैठकीत. ती गोष्ट म्हणजे नवऱ्याला शरीरसंबंध जमत नसणे. सगळे घर त्याभोवती फिरते, पण कोणी तिचे नाव घेत नाही.

आपल्या भाषेत तिला सभ्य नाव नाही, हीच पहिली अडचण. डॉक्टर इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात. कायदा नपुंसकत्व म्हणतो. मोहल्ल्यात त्याला नामर्दी म्हणतात आणि तिथेच चर्चा संपते, कारण नामर्द हा आजार नसून शिवी आहे. मराठी राजकारणातही हेच चालते. आंदोलन करायचे झाले की अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवल्या जातात. त्यात बाईचाही अपमान आहे आणि आजारी पुरुषाचाही, पण टाळ्या दोन्हींवर पडतात. ज्या आजाराचे नावच शिवी आहे, तो घेऊन माणूस दवाखान्यात कसा जाणार?

या लेखात मी साधा शब्द वापरतो : ताठरतेची अडचण. समाधानकारक संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे आणि हे काही महिने सतत होणे, एवढाच त्याचा अर्थ. थकव्याने, भांडणाने, तापाने एखाद्या रात्री जमले नाही, तर तो आजार नव्हे. मूल न होणे ही वेगळी गोष्ट आहे. ताठरता उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू नसू शकतात आणि ताठरतेची अडचण असलेल्या पुरुषाचे शुक्रजंतू निरोगी असू शकतात. इच्छा कमी होणे हेही वेगळे आणि लवकर वीर्यपतन होणे हेही वेगळे. आपल्याकडे या चारही गोष्टी "कमजोरी" या एकाच पोत्यात भरल्या जातात आणि उपचार सुरू होण्याआधीच चुकतो. वैद्यकशास्त्रानेही उशिरा का होईना, शब्द सुधारला. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने "इम्पोटन्स" हा जुना शब्द सोडून इरेक्टाइल डिसफंक्शन हे नाव वापरावे, अशी शिफारस केली. जुना शब्द अख्ख्या माणसाला दुबळा ठरवत होता, नवा शब्द शरीराच्या एका क्रियेबद्दल बोलतो.

ही क्रिया मुळात रक्ताभिसरणाची आहे. मेंदूकडून किंवा स्पर्शातून संदेश निघतो, मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, स्नायू सैल पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लिंगातले स्पंजासारखे भाग रक्ताने भरतात. भरलेल्या भागाच्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा दबतात, म्हणून ताठरता टिकते. म्हणजे मेंदू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, संप्रेरके आणि मन ही सगळी साखळी चालू असावी लागते. एक कडी तुटली की काम अडते. मधुमेह मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतो. उच्च रक्तदाब, सिगारेट, तंबाखू, वाढलेले पोट, जास्त कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्या अरुंद करतात. दारू, नैराश्य, काळजी, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, मणक्याची दुखापत, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधे हीही कारणे असतात.

यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा घरोघरी पोहोचायला हवा. लिंगाच्या रक्तवाहिन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर असतो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर. चरबीचा थर सगळीकडे बसत असला तरी बारीक नळी आधी अडते. त्यामुळे अनेक पुरुषांमध्ये ताठरतेची अडचण हृदयविकाराच्या लक्षणांच्या काही वर्षे आधी दिसते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हरचा अलार्म वाजला की आम्ही तो बंद करून झोपत नाही, आत काय बिघडले ते बघतो. इथे शरीर अलार्म वाजवते आणि पुरुष तो लाजेने बंद करतो. पुढे पन्नाशीत एकाएकी छातीत कळ येऊन तो जातो, तेव्हा लोक म्हणतात, काही त्रास नव्हता हो. त्रास होता. त्याने तो सांगितला नव्हता.

ही अडचण दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांचे मोठे सर्वेक्षण झाले, ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण आढळली. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेही पुरुषांत ही अडचण इतरांपेक्षा जास्त आढळते आणि दहा-पंधरा वर्षे लवकर येते. आता तुमच्या मशिदीतली जुम्याची सफ डोळ्यांसमोर आणा. त्या ओळीत हा त्रास असलेले लोक आहेत आणि प्रत्येकाला वाटते, मी एकटाच.

त्या ओळीत मीही आहे. माझे वय ३६. दोन वर्षांपूर्वी मला ही अडचण सुरू झाली. बायको म्हणाली, "तुमच्या अब्बांना शुगर होती ना? आधी ती तपासा." फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. उपाशीपोटी साखर १८८ आणि तीन महिन्यांची सरासरी ८.९ निघाली. दिवसाला दहा-अकरा तास खुर्चीवर, रात्री अमेरिकेतल्या लोकांबरोबर कॉल, जेवण कधीही आणि घराण्यात मधुमेह, यातून ३४व्या वर्षी तो आला होता. तहान नव्हती, वजन घटले नव्हते, पाय जळजळत नव्हते. पहिले लक्षण हेच होते. गोळ्या सुरू झाल्या, रोज चालणे सुरू झाले, नऊ किलो वजन उतरले, आणि हृदयाची तपासणी झाल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काही महिने दुसरी गोळीही घेतली. आज साखर आटोक्यात आहे आणि ती अडचणही बहुतांशी गेली आहे. हे मी बायकोला विचारून लिहितो आहे. माझी कहाणी विशेष म्हणून सांगत नाही. इतक्या सामान्य गोष्टीला आपण किती मोठे भूत बनवले आहे, ते दिसावे म्हणून सांगतो.

हे भूत पुरुषाच्या आयुष्यात शिरते कसे, ते मी जवळून पाहिले आहे. माणूस बायकोच्या नंतर झोपायला जाऊ लागतो. "काम आहे" म्हणून लॅपटॉप उघडून बसतो. हात लावला तर पुढचे अपेक्षित होईल, म्हणून साधे जवळ बसणेही बंद करतो. चिडचिड वाढते, कारण चिडलेल्या नवऱ्याजवळ कोणी येत नाही आणि तेच त्याला हवे असते. मित्रांच्या विनोदांवर तो सगळ्यांत मोठ्याने हसतो. एखादा रक्तदाबाची गोळी गुपचूप बंद करतो, कारण "त्याने कमजोरी येते" असे कोणी तरी सांगितलेले असते. काही औषधांनी हा त्रास होऊ शकतो हे खरे आहे, पण त्यावर उपाय डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेणे हा आहे. गोळी सोडणे म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण. बायको वारलेला पंचावन्न वर्षांचा गृहस्थ दुसऱ्या लग्नाला नकार देतो, लोक त्याच्या निष्ठेचे कौतुक करतात, आत तो घाबरलेला असतो. अडचणीतून नैराश्य येते, नैराश्यातून अडचण वाढते.

तरुणांचे वेगळे असते. पंचविशीतल्या मुलाच्या रक्तवाहिन्या सहसा ठीक असतात, मनावर भीती बसलेली असते. हस्तमैथुनाने "ताकद गेली", स्वप्नात वीर्य गेले म्हणजे शरीर पोकळ झाले, असे त्याला लहानपणापासून सांगितलेले असते. या भीतीने खंगणाऱ्या भारतीय तरुणांच्या लक्षणांना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये "धात सिंड्रोम" असे नाव दिले. वैद्यकदृष्ट्या त्या भीतीला आधार नाही. पण त्या मुलाच्या निकाहाच्या पहिल्या रात्री दाराबाहेर मित्र, घरात पाहुणे आणि डोक्यात मोबाइलवर पाहिलेली दृश्ये असतात. अशा वेळी न जमणे हेच स्वाभाविक आहे. ज्याला पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते, त्याच्या शरीराची यंत्रणा बहुधा चालू असते आणि अडचण मनाच्या ताणात असण्याची शक्यता जास्त. ही एक गोष्ट निकाहाच्या आधी कोणी सांगितली असती, तर किती तरी मुले हकिमाच्या दारात गेली नसती.

आणि आता बाईकडे येऊ, कारण या मौनाची किंमत सगळ्यांत आधी तीच मोजते. माझ्या नात्यातली एक मुलगी लग्नानंतर चौदा महिने नांदली. संबंध एकदाही झाला नाही. तिने सासूला आडून आडून सुचवले, तर सासू म्हणाली, "बाईच्या जातीला इतकी घाई शोभत नाही." मग मूल का होत नाही म्हणून तिलाच बाईच्या डॉक्टरकडे नेले. तिच्या तपासण्या, तिच्या सोनोग्राफ्या, तिचे रक्त. नवऱ्याची एकही तपासणी नाही. नंतर तिच्यावर जिन्नाचा असर आहे असे ठरले, ताविज झाले, दर्ग्यावर जुमेरात झाली. शेवटी मुलाने तलाक दिला. कारण काय सांगितले, तर "मुलगी थंड आहे". तलाक देऊन तो मर्द ठरला. तिने खुला मागितला असता आणि खरे कारण सांगितले असते, तर ती निर्लज्ज ठरली असती. दोन वर्षांनी त्याचे दुसरे लग्न झाले. पुढे तीही मुलगी माहेरी आली.

त्या मुलाचा मला राग येत नाही असे नाही. पण मला तो घाबरलेलाही दिसतो. त्याला कोणी दवाखान्यात नेले असते, तर कदाचित दोन मुलींची आयुष्ये वाचली असती आणि त्याचेही. आपण तलाकच्या पद्धतीवर बोलतो, ते योग्यच आहे. २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक बेकायदा ठरला. पण तलाक देण्यामागचे कारण लपलेले राहिले, तर पद्धत बदलून फक्त वाट लांबते.

गंमत अशी की धर्माच्या नावाने आपण जे झाकतो, ते जुन्या फिक्हने झाकलेले नाही. हदीसच्या प्रमुख संग्रहांत एका स्त्रीचा प्रसंग येतो. ती थेट पैगंबरांकडे येते आणि आपल्या कपड्याची दशी हातात धरून दुसऱ्या नवऱ्याची ही अडचण उघड सांगते. दाराशी उभ्या असलेल्या एकाला ते आवडत नाही. या बाईला गप्प का करत नाही, असे तो विचारतो. पैगंबर मात्र तिला दटावत नाहीत, नुसते हसतात. याच प्रसंगाचा आधार पुढे हलालाच्या चर्चेत घेतला गेला, त्यावर आपले मतभेद आहेत आणि ते वेगळे मांडायला हवेत. पण बाईने हा विषय बोलावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या हसण्यात आहे. प्रत्येक आजाराला औषध आहे, तेव्हा उपचार करा, या अर्थाची हदीस आपण मधुमेहाच्या शिबिराच्या फलकावर आवर्जून लिहितो. ती या आजाराला लागू नाही, असे कोणी ठरवले?

फिक्हमध्ये अशा पुरुषाला "इन्नीन" म्हणतात. बायकोने तक्रार केली तर काझीने त्याला एक वर्षाची मुदत द्यावी, असा हनफी नियम आहे आणि त्याचा आधार हजरत उमर यांच्या निवाड्याकडे नेला जातो. वर्षच का, याचे कारणही फकीहांनी दिले : चारही ऋतू जाऊ द्यावेत, म्हणजे अडचण प्रकृतीतल्या तात्पुरत्या बिघाडाची आहे की कायमची, ते कळेल. शेकडो वर्षांपूर्वीच्या ज्ञानाच्या मर्यादेत हा विचार मोठाच समंजस होता. पुरुषाला बरे व्हायला वेळ आणि वेळ संपल्यावर बाईला सुटका.

हाच नियम आजच्या कायद्यात आहे. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ याच्या कलम २ मध्ये पत्नीला न्यायालयाकडून विवाह मोडून घेण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत पाचवे कारण हे आहे : पती विवाहाच्या वेळी नपुंसक होता आणि अजूनही आहे. मात्र पतीने अर्ज केला तर न्यायालयाने त्याला एक वर्ष द्यायचे. त्या वर्षात आपण बरे झालो, असे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर या कारणावरून विवाह मोडत नाही. निकाहानंतर दहा वर्षांनी मधुमेहामुळे अडचण आलेल्या पुरुषाला हे कलम लागू होत नाही, कारण विवाहाच्या वेळी तो ठीक होता. म्हणजे कायदा आजारी नवऱ्याला शिक्षा करायला बसलेला नाही. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतही नपुंसकत्वावरून विवाह रद्द करून घेण्याची तरतूद आहे, पण अशी वर्षाची मुदत १९३९ च्या कायद्याचे वैशिष्ट्य आहे.

हे कलम आपल्या मुलींपैकी किती जणींना माहीत आहे? आणि ती मुदत आपल्या मुलांपैकी किती जणांना कोणी दिली? घरात मुदत मिळत नाही, एका रात्रीत निकाल लागतो. मुलगा नामर्द किंवा मुलगी थंड. वर्षभरात आज काय काय करता येते ते पाहा. रक्ताच्या तपासण्या, रक्तदाब, औषधांचा फेरविचार, तंबाखू बंद, वजन, चालणे, पती-पत्नी दोघांचे समुपदेशन, गोळ्या, त्याने नाही जमले तर इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप, अगदी शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचे इम्प्लांट. जुन्या काझीजवळ फक्त चार ऋतू होते, आपल्याजवळ एवढे सगळे आहे. तरीही आपण त्या काझीपेक्षा कमी धीर दाखवतो.

ही पोकळी भरून काढतात ते भिंतींवरचे हकीम आणि "गुप्तरोग" तज्ज्ञ. रेल्वेने कुठेही जा, रुळांच्या कडेच्या भिंती त्यांच्याच असतात. आता ते मोबाइलवरही आले आहेत. वास्तविक १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक क्षमता वाढवण्याची आणि नपुंसकत्व बरे करण्याची जाहिरात करायला मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी भिंती रंगतात. माझ्या एका मामेभावाबरोबर मी अशा ठिकाणी गेलो होतो. तिथल्या माणसाने नाडी धरली, दहा प्रश्न विचारले, त्यांतले आठ हस्तमैथुनाबद्दल होते. रक्त तपासले नाही, रक्तदाब घेतला नाही. बावीस हजारांचा कोर्स सांगितला आणि वर दम दिला, "उशीर केलात तर नस कायमची मरेल." मामेभाऊ पैसे काढायला निघाला होता. तिथून त्याला सरळ एमबीबीएस डॉक्टरकडे नेले. रक्तदाब १६०/१०० निघाला.

पैसे जाणे हा यातला लहान धोका. "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. हे औषध मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी शोधले जात होते. चाचण्यांत त्याचा हा दुसरा परिणाम दिसला आणि मार्च १९९८ मध्ये त्याला ताठरतेच्या उपचारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. नायट्रिक ऑक्साइड रक्ताभिसरणात संदेश पोहोचवतो, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना त्याच वर्षी नोबेल मिळाले. योग्य माणसाला, योग्य मात्रेत ते चांगले औषध आहे. पण छातीत दुखले की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट आणि हे औषध एकत्र आले, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. हृदयरोगी माणूस "जडीबुटी" समजून पुडी घेतो आणि रात्री घरचे त्याच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. दोन्ही हात मदतीचे, आणि माणूस दगावू शकतो. म्हणून ही गोळी मित्राकडून मागून घ्यायची नाही आणि दवाखान्यात पोहोचल्यावर घेतली असेल तर लपवायची नाही. पारा-शिशाचे कुश्ते तर मूत्रपिंडाची वाट लावतात.

महाराष्ट्रात या विषयावर उघड बोलण्याची परंपरा आहे आणि तिची किंमतही कोणी तरी मोजली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, पण मुद्दा आज कोण जिंकला ते दिसतेच. आपल्या समाजात असे प्रश्न विचारायला आजही जागा नाही.

मग काय करायचे? माझ्या मते पाच गोष्टी लगेच करता येतील. पहिली, आपल्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाब तपासताना पुरुषांना, पडद्याआड आणि पुरुष कार्यकर्त्याने, एक प्रश्न जास्तीचा विचारावा. यासाठी पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली डॉक्टरांकडे असते. तिशीच्या पुढच्यांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, तिथे माणसे पाठवावीत. दुसरी, तलाक आणि खुलाच्या समुपदेशनात पती-पत्नीला वेगवेगळे बसवून हा प्रश्न विचारावा आणि उत्तर त्या खोलीबाहेर जाऊ नये. तिसरी, निकाहाच्या आधी मुलामुलींना शरीराची खरी माहिती द्यावी. यासाठी प्रमाणपत्रे मागण्याची गरज नाही, त्यातून नवी भीती आणि नवा बाजार उभा राहील. चौथी, भिंतीवरच्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ च्या कायद्याखाली अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रारी कराव्यात. पाचवी, १९३९ च्या कायद्यातले ते कलम आणि ती मुदत मराठीत, उर्दूत एका पानावर छापून महिला मंडळांत आणि मशिदीच्या कमिट्यांतही वाटावी. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात मधुमेह, रक्तदाब आणि "नवरा-बायकोच्या नात्यावर होणारा परिणाम" एवढे शब्द उच्चारले, तरी चाळीस माणसे मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतील.

काही जण म्हणतील, मुस्लिमांपुढे दंगली, बुलडोझर, बेरोजगारी, शिक्षण असे प्रश्न असताना हे काय काढले? ते प्रश्न मोठेच आहेत. पण मधुमेहाने पन्नाशीत गेलेला कर्ता माणूस घराला तितकाच गरीब करतो आणि खोट्या कारणाने माहेरी पाठवलेली मुलगी तितकीच निराधार होते. शिवाय बाहेरून सतत अपमान झेलणाऱ्या समाजात पुरुष घरात मर्दानगी जास्तच घट्ट धरून बसतो. तिला धक्का लागला की आधी बायकोवर निघतो. म्हणून हा प्रश्न बाहेरच्या प्रश्नांपासून वेगळा नाही.

ज्यांना हा त्रास आहे त्या भावांना एवढेच सांगतो. या आठवड्यात उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. कारण विचारले तर घराण्यात शुगर आहे म्हणून सांगा, बहुतेक घरांत ते खरेच असते. डॉक्टरांसमोर मात्र पूर्ण सांगा. आणि त्याच्या आधी बायकोला सांगा. तिला ते आधीच माहीत आहे. तिला माहीत नाही ते इतकेच की त्यात तिचा दोष नाही, आणि हे तुमच्या तोंडून ऐकणे हा तिचा हक्क आहे.